मानोरा, कारंजा, शेलूबाजार आणि परत

बेसबॉलची मॅच पाहायला जायच्या आदल्या रात्री मी बाबांना दीड तास बेसबॉल समजावून सांगितला. मला स्वतःला तो येत नव्हता, पण त्यामुळे काही अडलं नाही. क्रिकेट मला येत होतं, आणि ज्याला क्रिकेट येतं त्याला फळी आणि चेंडू असलेला जगातला कुठलाही खेळ आपोआप येतो, असं मानणाऱ्या पिढीचा मी आहे. मंगरूळपीरला आमच्या गल्लीत टेनिस बॉलची जी टीम होती तिचा मी कप्तान होतो. बॅट माझी होती.

"बाबा, हे क्रिकेटसारखंच असते," मी सांगत होतो, "फक्त जरा सोपं."

"मंग मले कायले समजावून राह्यला? मले क्रिकेट कुठं येते?"

ह्यात तथ्य होतं. बाबांनी ३१ वर्षं एसटीत कंडक्टरकी केली, त्यातली बहुतेक मंगरूळपीर आगारात. देशाच्या क्रिकेटमध्ये जे जे मोठं घडलं ते घडत असताना ते कुठल्या ना कुठल्या गाडीत घंटीची दोरी ओढत उभे होते. सचिनच्या शारजाच्या वादळात ते मानोऱ्याच्या रस्त्यावर होते आणि २०११ च्या फायनलला मुक्कामी गाडीवर. क्रिकेट त्यांनी पाहिलं नाही, प्रवाशांच्या ट्रान्झिस्टरवर ऐकलं, तेही निम्मं. पत्र्याच्या खडखडाटात 'आऊट' एवढंच ऐकू यायचं आणि कोण आऊट ते पुढच्या थांब्यावर कळायचं. घरी आले की मी स्कोअर सांगायला धावायचो. ते म्हणायचे, "थांब बे, आधी माह्या हिशेब लागू दे."

आता ते निवृत्त होऊन सहा महिन्यांसाठी माझ्याकडे शिकागोला आले होते. आईही आली होती, पण तिनं टीव्हीवर पाच मिनिटं बेसबॉल पाहून निकाल देऊन टाकला होता. "सारे थुंकूनच राह्यले. मी नाई येत."

तिकिटं मिळाली तीही क्रिकेटच्याच पुण्याईनं. ६ जून २०२४ ला डॅलसजवळच्या ग्रँड प्रेअरीच्या मैदानावर टी-ट्वेंटी वर्ल्ड कपमध्ये अमेरिकेनं पाकिस्तानला हरवलं. मॅच टाय झाली, सुपर ओव्हर आली, आणि अमेरिकेकडून ती टाकली आपल्या मुंबईच्या सौरभ नेत्रावळकरनं, जो एरवी ओरॅकलमध्ये सॉफ्टवेअरचं काम करतो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मला अचानक भाव आला. तू ह्याला ओळखतोस का, असं एकानं विचारलं. मी म्हणालो, "तसा लांबून." मुंबई मंगरूळपीरपासून लांबच आहे, तेव्हा हे काही खोटं नव्हतं. मग मी फळ्यावर सुपर ओव्हर काढून दाखवली, आणि त्या कृतज्ञतेपोटी एका सहकाऱ्यानं रिग्ली फील्डची दोन तिकिटं माझ्या फोनवर पाठवली. ग्रँड प्रेअरीचं ते मैदान मूळचं बेसबॉलचंच, क्रिकेटसाठी बदलून घेतलेलं. आपण त्यांचं एक मैदान घेतलं, आता एक मॅच पाहून यायला हरकत नाही, असा मी विचार केला.

घरातून निघताना बाबांनी हात पुढे केला. "तिकीट दाखव."

"मोबाइलमध्ये हाये, बाबा."

"मोबाइलमध्ये? मंग त्याले पंच कुठं मारते?"

"पंच नाही मारत. तिथं नुसता फोन दाखवायचा."

बाबा खिन्न झाले. ज्या माणसानं ट्रेमधल्या रंगीत तिकिटांपासून मशीनच्या पांढऱ्या चिटोऱ्यापर्यंतचा सगळा काळ पाहिला, त्याला तिकीट हाताला लागू नये हे पटत नव्हतं. रेड लाइनच्या गाडीत तर त्यांची तगमगच झाली. अ‍ॅडिसन स्टेशन येईपर्यंत डब्यात कुणीही तिकीट विचारायला आलं नाही. निळ्या टोप्या घातलेली शंभरेक माणसं चढली, दाटीवाटीनं उभी राहिली, आणि बाबा एकेकाच्या चेहऱ्याकडे असं पाहत होते की ह्यातले निम्मे फुकटे आहेत आणि ते कोण हेही त्यांना कळलेलं आहे.

मैदानात शिरल्यावर मी त्यांना दिलासा दिला. "ते पाहा, इथं चार पंच हायेत."

"चार?" बाबांनी काळ्या कपड्यातल्या चौघांकडे पाहिलं. "अन् तिकिटाले एकही नाई."

रिग्ली फील्ड हे मैदान १९१४ सालचं. चहूबाजूंनी वस्ती आहे, आणि रस्त्यापलीकडच्या घरांच्या गच्च्यांवर बसूनही लोक मॅच पाहतात. मैदानाच्या कडेच्या विटांच्या भिंतीवर १९३७ साली वेल चढवला तो अजून आहे. स्कोअरबोर्डही १९३७ चाच, त्याच्या पोटात माणसं बसतात आणि आकड्यांच्या पाट्या हातानं लावतात. बस स्टँडवरच्या वेळापत्रकाच्या पाटीवर ज्याचं आयुष्य गेलं, त्याला हे आवडणारच. इथं १९८८ पर्यंत दिवेच नव्हते, सगळे सामने उन्हात व्हायचे. मग ८ ऑगस्ट १९८८ ला मोठ्या थाटात दिवे लागले, आणि त्याच रात्री पाऊस येऊन मॅच वाहून गेली. हे मी सांगितलं तेव्हा बाबांनी आभाळाकडे पाहून मान हलवली. वरच्याची मंजुरी न घेता काम केलं की असंच होतं.

खेळ सुरू झाला आणि माझी विद्वत्ता पहिल्या पाच मिनिटांत उघडी पडली.

एक तर बॉलर पळतच येत नाही. मातीच्या एका उंचवट्यावर उभा राहतो, पाय छातीपर्यंत उचलतो आणि कोपर वाकवून सरळ फेकतो. आमच्या गल्लीत असल्या फेकी बॉलिंगवरून डोकी फुटलेली आहेत. चेंडूचा टप्पाही पडत नाही. साठ फूट सहा इंचांवरून, म्हणजे क्रिकेटच्या बावीस यार्डांपेक्षा जवळून, ताशी दीडशे किलोमीटरनं तो थेट फलंदाजाच्या बरगडीजवळून जातो. फलंदाजाला विचार करायला अर्धा सेकंदही मिळत नाही. हे सगळं मी मान्य केलं असतं. पण चेंडू नीट टाकला तर त्याला म्हणायचं 'स्ट्राइक' आणि वाईट टाकला तर म्हणायचं 'बॉल'! म्हणजे ज्या वस्तूच्या नावानं खेळ चालतो, तिचंच नाव खराब मालाला. मी तीनदा "बॉल! बॉल!" असं कौतुकानं ओरडलो. पुढच्या रांगेतली बाई मागं वळून पाहायला लागली.

मग फलंदाजानं अंग चोरून असा काही नाजूक कट मारला की चेंडू कीपरच्या उजवीकडून सुसाट मागं गेला. मी उभा राहिलो. विश्वनाथच्या तोडीचा लेट कट होता तो. चाळीस हजार माणसांत टाळ्या वाजवणारा मी एकटा.

"फाऊल," शेजारचे आजोबा हळूच म्हणाले.

बेसबॉलमध्ये मागं मारलेल्याला किंमत नाही. नव्वद अंशांच्या एका पाचरीत मारलं तर ते मारणं, बाकी सगळं वाया. क्रिकेटमध्ये सौंदर्य म्हणून जे जे सांगितलं जातं, म्हणजे ग्लान्स, कट, स्वीप, ते इथं चूक म्हणून मोजतात. आणि मारल्यावर हा गडी बॅट फेकून देऊन पळतो! आमच्या टीममध्ये एकानं असं केलं होतं. बॅटवाल्यानं त्याला दुसऱ्या दिवसापासून खेळायला घेतलं नाही. बॅटवाला कोण होता ते वर आलंच आहे.

मी असा धुमसत होतो तेव्हा बाबा काहीच बोलत नव्हते. आत येतानाच त्यांनी एक गोष्ट पाहून ठेवली होती. शेजारच्या आजोबांच्या गुडघ्यावर जाड कागदाचं एक स्कोअरकार्ड होतं, आणि ते प्रत्येक खेळाडूपुढे पेन्सिलीनं काहीतरी लिहीत होते. बाबांच्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं. वे-बिल, कंडक्टरच्या हिशेबाचा कागद! परक्या देशात, समुद्रापलीकडे, एक माणूस भर गर्दीत मांडीवर वे-बिल भरत बसला होता. मला पाठवून त्यांनी एक कार्ड आणि पेन्सिल मागवून घेतली. शर्टाच्या खिशातला चष्मा काढला, पेन्सिल कानावर ठेवली, आणि ३१ वर्षं ज्या चेहऱ्यानं त्यांनी गाड्या सोडल्या तो चेहरा मी पुन्हा पाहिला.

कार्डावर प्रत्येक चौकटीत एक छोटा तिरका चौकोन छापलेला असतो. बाबांनी त्याच्या खालच्या टोकावर पेन्सिल टेकवली. "हे मंगरूळपीर."

"हे होम प्लेट हाये, बाबा."

"तेच. आपलं आगार." पेन्सिल उजवीकडे सरकली. "हे मानोरा. वर कारंजा. तिकडून उतरलं का शेलूबाजार. अन् परत मंगरूळपीर. गाडी घरून निघते, घरी येते. घरी पोचला तोच प्रवासी मोजायचा."

मी हसलो, पण नंतर घरी येऊन नकाशा उघडून पाहिला. मंगरूळपीर खाली, पूर्वेला मानोरा, वर कारंजा, डाव्या अंगाला शेलूबाजार. घड्याळाच्या उलट दिशेनं, बेसबॉलमध्ये ज्या क्रमानं पळतात त्याच क्रमानं. १९९८ साली अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा काढणाऱ्यांना आपण एक बेसबॉलचं मैदान वेगळं काढतोय ह्याची कल्पना नसावी.

एकदा मार्ग हाती लागल्यावर बाबांना काहीच अडेना. चार वाईट चेंडू पडले की फलंदाज न मारताच पहिल्या बेसवर चालत जातो. बाबांनी त्याच्यापुढे लिहिलं, 'पास'. एकानं मुद्दाम हलकासा टोला मारून स्वतःला बाद करून घेतलं आणि त्याचा भिडू पुढच्या बेसवर पोचला. "स्वतः उठला, म्हाताऱ्याले जागा देल्ली." बॉलरची नजर चुकवून एक जण पहिल्या बेसवरून दुसऱ्यावर पळाला. लोकांनी जल्लोष केला, पण बाबांचा चेहरा कठोर झाला. "मानोऱ्याचं तिकीट काढून कारंजापर्यंत आला." हे असले त्यांनी खूप पाहिले होते.

एका बेसवर दोघांनी थांबायचं नाही, हा नियम त्यांनी आजोबांकडून खात्री करून घेतला. बाबांचं इंग्रजी तीन शब्दांचं, पण तेवढं पुरलं.

"वन स्टॉप, वन पॅसेंजर?"

"यस, सर!" आजोबा खूश झाले. आदल्या रात्री मी दीड तासात जे सांगू शकलो नव्हतो ते चार शब्दांत झालं होतं.

पुढचा तासभर ते दोघे बोलत होते. आजोबा इंग्रजीत, बाबा वऱ्हाडीत, आणि मध्ये पेन्सिल. मैदानावरच्या नऊ जागांना १ ते ९ नंबर असतात. सहा नंबरनं चेंडू उचलून चारला दिला, चारनं तीनला दिला, दोन गडी एका फटक्यात बाद झाले, तर लिहायचं ६-४-३. बॅट फिरवूनही चेंडू न लागता तीन स्ट्राइक होऊन बाद झाला तर 'के' लिहायचा, आणि नुसता पाहत उभा राहून बाद झाला तर तोच 'के' उलटा. बाबांनी 'के' नाकारून 'उ' घेतला. उ म्हणजे उतरवला. उलटा उ काढताना त्यांना जरा कष्ट पडले, पण तत्त्व पाळलं.

मी मधेच एक वर्ल्ड कपचा दाखला देऊन संभाषणात शिरायचा प्रयत्न केला. दोघांनीही माझ्याकडे पाहिलं नाही.

"हे किती मॅच खेळतेत?" बाबांनी मला विचारलं, कारण आकडे मी फोनवर शोधू शकत होतो.

"मोसमात १६२."

"एकशे बासष्ट? सुटी?"

"अधूनमधून."

"मंग ही मॅच नाई बाबू, ही ड्युटी हाये." त्या एका वाक्यानं मला समोरची माणसं निराळी दिसायला लागली. यजमान मागे पडलेले होते, तरी कुणाच्या चेहऱ्यावर सुतक नव्हतं. लोक शेंगा फोडत होते, टरफलं पायाखाली टाकत होते, लेकरांना खांद्यावर घेऊन हिंडत होते. हरले तर उद्या पुन्हा आहेच. ह्या खेळात दहातून तीनदा चेंडू नीट लागला तर तो थोर फलंदाज. टेड विल्यम्सला १९४१ साली दहातून चारदा जमलं, त्याचं नाव लोक अजून घेतात. दहातून सहा वेळा चुकलेल्या माणसाचा इतका मान मी दुसरीकडे पाहिलेला नाही. माझ्या इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाचा निकाल साधारण असाच होता, तेव्हा कुणी टेड विल्यम्स काढला नाही.

त्या दिवशी नेमकी एकादशी होती आणि मला धास्ती होती की बाबांना उपाशी बसावं लागेल. पण बेसबॉल हा जगातला एकमेव मोठा खेळ असावा ज्याचा अधिकृत खाऊ उपासाला चालतो. खारे शेंगदाणे, टरफलासकट. मी हॉट डॉग खाल्ला, तो कशाचा आहे ते बाबांनी विचारलं, आणि मी "पाव आहे" असं उत्तर दिलं.

खेळाडूही सारखं काहीतरी चघळत होते आणि थुंकत होते, आईनं सांगितल्याप्रमाणे. बाबांच्या नजरेत ओळख उमटली. "खर्रा?"

"नाही, सूर्यफुलाच्या बिया. पूर्वी तंबाखू खायचे. २०१६ साली शिकागोनं मैदानात बंदी घातली."

"कोण पाळते?"

"सारेच पाळतात वाटते."

बाबा बराच वेळ त्या देशाबद्दल विचार करत राहिले. विदर्भात खर्ऱ्यावर बंदी घालणारे कागद पुष्कळ निघाले आणि त्याच कागदांत खर्रा बांधून मिळाला, असं त्यांचं मत आहे.

चेंडूचं प्रकरण मात्र आम्हा दोघांनाही झेपलं नाही. चेंडू जरा मातीला घासला की पंच तो बाजूला टाकतो आणि नवा देतो. नवा म्हणजे कोरा नव्हे. कोरा चेंडू हातातून निसटतो म्हणून सामन्याआधी प्रत्येक चेंडूला चिखल चोळतात, आणि तो चिखल येतो न्यू जर्सीतल्या डेलावेअर नदीच्या एका फाट्यावरून. लीना ब्लॅकबर्न नावाच्या एका प्रशिक्षकानं १९३८ च्या सुमाराला तो शोधला, अजूनही तोच डब्यात भरून सगळ्या संघांना पुरवतात. "चिखल इकत घेतेत?" बाबांनी तीन वेळा विचारलं. जुलैत आमच्या शिवारातून चालत घरी आलं की प्रत्येक चपलेला दीड किलो काळी माती चिकटून येते. आजवर आम्ही ती दारातल्या दगडावर खरवडून टाकत आलो.

इतक्यात एक फाऊल उंच उडाला आणि आमच्या दिशेनं आला. क्रिकेटपटू म्हणून माझी वेळ आली होती. मी दोन्ही हात पुढे करून उभा राहिलो, "माझा, माझा" असं ओरडलोही. चेंडू माझ्या बोटांना लागून मागच्या रांगेत गेला, आणि तिथं एका माणसानं, डाव्या काखेत तान्हं पोर आणि उजव्या हातात बिअरचा पेला, तो पेल्यात झेलला. लोकांनी त्याला उभं राहून मानवंदना दिली. पोर झोपलेलंच होतं. माझं बोट चार दिवस सुजलेलं होतं.

असा चेंडू आला की तो घरी न्यायचा, कुणी परत मागत नाही. पाहुण्या संघानं होमरन मारला तर मात्र तो चेंडू परत मैदानात भिरकावून द्यायचा, ही इथली रीत. तसा एक त्या दिवशी आलाही. ज्या पोराच्या हाती लागला त्यानं तो क्षणभर न्याहाळला आणि जड मनानं फेकून दिला. मंगरूळपीरला चेंडू ज्यांच्या अंगणात जायचा त्या आजीही तो द्यायच्या नाहीत, पण त्यामागे निष्ठेचा प्रश्न नसायचा.

"हा विनाथांबा गेला," होमरनवाल्याकडे पाहून बाबा म्हणाले.

"नाही, त्यालाही तिन्ही बेसला पाय लावावा लागतो."

"मंग जलद." त्यांनी तसं लिहिलं.

एक चेंडू भिंतीवरच्या वेलात शिरून अडकला. क्षेत्ररक्षकानं दोन्ही हात वर केले आणि फलंदाजाला आपोआप दुसरा बेस मिळाला. इथं चेंडू वेलात अडकला की दोनच बेस, असा नियमच आहे. एवढ्या मोठ्या लीगमध्ये, एवढ्या पैशाच्या खेळात, 'बाभळीत गेला की दोन' हा आमच्या गल्लीचा नियम जसाच्या तसा पाळला जातो हे पाहून मला त्या दिवशी पहिल्यांदा घरी आल्यासारखं वाटलं.

सामना रेंगाळला तेव्हा मी बाबांना बोकडाची गोष्ट सांगितली. इथला यजमान संघ शिकागो कब्ज १९०८ साली विजेता झाला. मग १९४५ च्या वर्ल्ड सिरीजला विल्यम सायनिस नावाचा एक खानावळवाला आपला बोकड घेऊन ह्याच मैदानात आला. बोकडाचा वास येतो म्हणून त्याला बाहेर काढलं, आणि त्यानं शाप दिला की हा संघ आता जिंकायचा नाही. आणि तो जिंकला नाही. पोरं म्हातारी होऊन मेली, तरी जिंकला नाही. शेवटी २०१६ साली क्लीव्हलँडमध्ये सातव्या सामन्यात, पावसानं सतरा मिनिटं थांबवून, दहाव्या डावात ८-७ असा जिंकला. मधे गेली १०८ वर्षं. बेसबॉलच्या चेंडूला दुहेरी टाकेही १०८ असतात. आपल्या जपमाळेत मणी किती ते सांगायला नको.

बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि कामाचा प्रश्न विचारला. "बोकडाचं तिकीट होतं?"

"होतं म्हणतात. त्यानं दोन तिकिटं घेतली होती. एक त्याचं, एक बोकडाचं."

"मंग उतरवलं कसं?" बाबा जवळजवळ ओरडलेच. "तिकीट असल्यावर उतरवता येत नाई! वासाचं कलमच नाई! शाप लागला तो बरोबर लागला." ३१ वर्षांत कोंबड्या, बकऱ्या, एकदा मधाचं पोळं, सगळं त्यांनी हिशेबानं नेलं होतं. ज्या गावात दादा हयात कलंदरांचा दर्गा आणि बिरबलनाथ महाराजांचं मंदिर दोन्हीकडे नवस बोलले जातात, त्या गावचा माणूस शापाला हसत नाही. उपायही त्यांच्याकडे तयार होता. "त्याच बोकडाच्या वंशातला एक मानानं आणून बसवायचा होता. संपला विषय." मी फोनवर शोधलं. १९८४ साली त्या खानावळवाल्याचा पुतण्या खरोखरच मानानं बोकड घेऊन इथं आला होता. गुण यायला पुढं बत्तीस वर्षं लागली. बाबा म्हणाले, थकबाकी मोठी होती.

सातव्या डावाच्या मध्यावर अचानक सगळं मैदान उभं राहिलं. पेटीसारखा ऑर्गन वाजायला लागला, जो ह्या मैदानात १९४१ पासून वाजतोय, आणि चाळीस हजार माणसं एका सुरात, म्हणजे चाळीस हजार सुरांत, गाऊ लागली. बाबा चटकन उठले, टोपी नीट केली आणि हात जोडले. मी म्हणालो, "बाबा, आरती नाही. मॅचला चला, असं गाणं हाये ते." पण त्यांनी हात काही सोडले नाहीत. त्या गाण्याची गंमत अशी, की ते १९०८ साली ज्यानं लिहिलं त्या जॅक नॉरवर्थनं तोवर एकही मॅच पाहिलेली नव्हती. त्यानं पहिली मॅच पाहिली १९४० साली. न पाहिलेल्या खेळावर आत्मविश्वासानं बोलणाऱ्या त्या माणसाविषयी मला आपुलकी वाटली.

यजमान हरले, ५-२. मैदानावर निळा झेंडा चढला, जिंकले असते तर पांढरा चढला असता. लोक गात-बिलगत बाहेर पडू लागले. बाबा जागचे हलेनात. कार्डावर बेरीज चालली होती.

"३६ चढले," ते पुटपुटले. "दोन घरी पोचले. सात रस्त्यात राह्यले. २७ आपण उतरवले. दोन, सात, सत्तावीस. छत्तीस." पेन्सिल खाली ठेवली. "ताळा जमला."

शेजारच्या आजोबांनी आपलं कार्ड दाखवलं. तिथंही तीच बेरीज होती. स्कोअर लिहिणारे मॅच संपल्यावर खरंच असा ताळा करतात: फळीवर आलेले एकूण, बरोबर धावा, अधिक बेसवर अडकलेले, अधिक बाद झालेले. ही आकड्यांची वही-पद्धत बसवण्यात मोठा वाटा होता हेन्री चॅडविकचा, आणि तो मूळचा क्रिकेटच्या बातम्या लिहिणारा इंग्रज. हे वाचून मला धीर आला. "पाहा बाबा, शेवटी क्रिकेटवालाच."

"बातम्या सोडून हिशेब करत बसला म्हंजे आतून कंडक्टरच असंन."

परतीच्या गाडीत मी कार्डाचा फोटो काढून मंगरूळपीरला बहिणीला पाठवला. ती तिकडे शाळेत शिकवते. तिला हे काय ते समजणार नाही म्हणून खाली सविस्तर टीप लिहायला घेतली, तोवर तिचा फोनच आला.

"दादा, मी शाळेत सॉफ्टबॉल खेळायची हे तुले आठवत नाई का? शॉर्टस्टॉप होती मी. सहा नंबर. विभागीय स्पर्धेले अमरावतीले गेली होती."

मला सॉफ्टबॉल म्हणजे मऊ चेंडूचं काहीतरी, मुलींचं, एवढंच आठवत होतं. तो बेसबॉलचाच सख्खा भाऊ, जरा मोठा चेंडू, खालून हातानं टाकायचा, बेस जवळ जवळ, बाकी मार्ग तोच. विदर्भातल्या पोरी तो कितीतरी वर्षं खेळत आल्या आहेत. ज्या अमरावतीला ती गेली होती तिथलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ रिग्ली फील्डइतकंच जुनं, १९१४ चं, आणि त्या मंडळाची पोरं १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये आपले देशी खेळ दाखवून आलेली. म्हणजे बेसबॉलचा थांबा माझ्या घरापासून एका एसटीच्या अंतरावर होता, आणि मी तो सात समुद्रांपलीकडे शोधत होतो.

"तुला तिकडं नेलं कुणी होतं?" मी विचारलं.

"बाबांनी. सुटी टाकली होती त्यांनी. दिवसभर आमच्या पीटीच्या मॅडमजवळ बसून स्कोअर लिहीत होते. तुही त्या दिवशी टेनिस बॉलची फायनल होती. शून्यावर आऊट झाला होता तू."

मी बाबांकडे पाहिलं. ते खिडकीतून शिकागो पाहत होते.

"म्हंजे तुम्हाले बेसबॉल येत होता?"

"क्रिकेट येत नाई म्हणलं होतं मी."

"मंग काल दीड तास काहून ऐकलं माह्यं?"

"तू हौसेनं सांगून राह्यला होता ना."

ते कार्ड आता मंगरूळपीरच्या घरी, जुन्या वे-बिलांच्या लोखंडी पेटीत आहे. बहिणीनं ते एकदा पुन्हा तपासलं आणि फॅमिली ग्रुपवर लिहिलं, की बाबांचा हिशेब बरोबर आहे, पण दादाला शेवटी काही समजलं का? बाबा टाइप करत नाहीत, बोलून पाठवतात. त्यांचा निरोप चार सेकंदांचा होता.

"त्याचं अजून अर्धं तिकीट हाये."